सहाशे मतं आणि तीन गोळ्या : फीनिक्स सिटीचं प्रकरण

'द फीनिक्स सिटी स्टोरी' हा १९५५चा कृष्णधवल गुन्हेपट. दिग्दर्शक फिल कार्लसन. मतदान केंद्राबाहेर मार खाऊन रक्ताळलेल्या शर्टाने उभे असलेले मतदार आणि शेजारी हाताची घडी घालून बघणारे पोलीस, हे त्यातलं दृश्य एकदा पाहिलं की विसरता येत नाही. चित्रपट खऱ्या घटनेवर आहे आणि घटना घडून वर्ष उलटायच्या आत तो त्याच गावात चित्रित झाला. तरीही खऱ्या प्रकरणातला सर्वांत धोकादायक गुन्हा पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही. तो एका बेरजेच्या तक्त्यावर, पेनाने केलेला होता. त्या तक्त्यामुळेच पुढे एका माणसाचा जीव गेला, असं सरकारी पक्षाने न्यायालयात मांडलं.

म्हणून हे प्रकरण चित्रपटाच्या नव्हे, मतमोजणीच्या बाजूने मांडतो आहे. ज्यांच्याशिवाय घटना सांगताच येत नाही अशा सार्वजनिक पदांवरच्या मोजक्या माणसांची नावं दिली आहेत. दुकानदार, पत्रकार, साक्षीदार आणि निर्दोष सुटलेले आरोपी यांची ओळख त्यांच्या कामावरूनच सांगितली आहे.

पार्श्वभूमी

फीनिक्स सिटी हे अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या पूर्व सीमेवरचं छोटं शहर. मध्ये चॅटाहूची नदी, पलीकडे जॉर्जिया राज्यातलं कोलंबस, आणि कोलंबसला लागून फोर्ट बेनिंग हा लष्कराचा प्रचंड मोठा तळ. पगाराच्या दिवशी हजारो तरुण सैनिक पूल ओलांडून यायचे. त्यांच्यासाठी जुगाराचे अड्डे, दारूचे गुत्ते, वेश्याव्यवसाय, आकड्यांची लॉटरी, फासे आणि पत्ते असं सगळं मांडून ठेवलेलं असे. फासे बनावट असत आणि पत्ते खुणेचे. तक्रार करणाऱ्या सैनिकाला मारून बाहेर फेकलं जाई, आणि काहींची प्रेतं नदीत सापडत.

असे धंदे सीमेवरच्या अनेक गावांत होते. इथलं वेगळेपण शहराच्या तिजोरीत होतं. १९३०च्या दशकातल्या मंदीत हे शहर दिवाळखोरीत निघालं. कर गोळा होईनात, देणी फिटेनात. तेव्हा कारभाऱ्यांनी बेकायदा धंदे बंद करण्याऐवजी त्यांच्याकडून परवाना शुल्क आणि ठरावीक दंड घ्यायला सुरुवात केली. दंड भरला की अड्डा दुसऱ्या दिवशी चालू. काही वर्षांत शहराचा कारभार या पैशावर चालू लागला. पुढे जे काही घडलं त्याचं मूळ मला या निर्णयात दिसतं. हप्ता गुपचूप खिशात घेणाऱ्या पोलिसाला निदान भीती असते. इथे हप्ता अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला लिहिला जात होता, त्यामुळे तो बंद करा म्हणणारा माणूस शहराच्या पोटावर पाय देणारा ठरला.

एवढा धंदा टिकवायचा तर निवडणूक हातात हवी. शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, सरकारी वकील, शहर आयुक्त, ज्यूरींची यादी करणारे अधिकारी ही सगळी पदं थेट किंवा आडवळणाने मतपेटीतून येत होती. शिवाय अलाबामात मत द्यायचं तर वर्षाला दीड डॉलरचा मतदान कर भरावा लागे. गरिबाला तो जड जाई, म्हणून बरेच जण मतदार यादीबाहेरच राहत. अड्डेवाल्यांना ही आयतीच सोय झाली. कर आपण भरायचा, माणूस आपल्या गाडीतून आणायचा, मत आपलं. नदीपलीकडून आणलेले बोगस मतदार, मेलेल्यांच्या नावावरची मतं, मतामागे रोख पैसे हे सगळं सर्रास चाले आणि सगळ्या गावाला माहीत असे.

कृष्णवर्णीय नागरिक तर या सगळ्याच्या बाहेरच होते. मतदान कर, साक्षरतेच्या चाचण्या आणि नोंदणी अधिकाऱ्यांची मनमानी यांनी अलाबामात त्यांना यादीतून जवळपास पुसून टाकलं होतं. हा मुद्दा शेवटी पुन्हा घ्यावा लागेल, कारण सुधारणावाल्यांनी तो कधी घेतलाच नाही.

अडचण नेमकी काय होती

१९५१ साली गावातल्या काही व्यापाऱ्यांनी आणि चर्चमधल्या मंडळींनी मिळून रसेल बेटरमेंट असोसिएशन काढली. रसेल हे त्या काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, नाव. पुढाकार घेणारा माणूस खेळाच्या सामानाचा व्यापारी होता. त्यांचं मागणं साधं होतं : कायद्यात बंदी आहे ते बंद करा.

पण सांगायचं कोणाला? पोलिसांना सांगावं तर तेच अड्ड्यांचे राखणदार. सरकारी वकिलाने खटला भरायचा, तो अड्डेवाल्यांच्या मतांवर निवडून आलेला. ग्रँड ज्यूरीकडे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडे, जावं तर तिच्यात कोण बसणार हे त्याच मंडळींनी ठरवलेलं. गव्हर्नरांकडे अर्ज गेले, त्यावर फारसं काही झालं नाही. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. एका भ्रष्ट अधिकाऱ्याच्या वर दाद मागता येते. इथे दाद मागायच्या प्रत्येक पायरीवर त्याच कंपूचा माणूस बसला होता.

सत्तेतल्या माणसांना हटवायला निवडणूक जिंकायला हवी, आणि निवडणूक तर त्याच माणसांच्या हातात. संघटनेची कोंडी होती ती अशी.

समोरचे पर्याय

संघटनेपुढे तेव्हा जे मार्ग होते, त्यांतला एकही बिनधोक नव्हता.

लष्कराला मध्ये आणता आलं असतं. सैनिकांना पूल ओलांडायला बंदी झाली तर अड्ड्यांचं गिऱ्हाईकच तुटलं असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी अधिकाऱ्यांनी अशी पावलं उचलली होती. पण बंदी कधीतरी उठते, आणि उठली की धंदा पुन्हा उभा राहतो. शिवाय गावाचा कारभार लष्कराने चालवावा असं या मंडळींनाही वाटत नव्हतं.

दुसरा मार्ग वर्तमानपत्रांचा. नदीपलीकडच्या कोलंबसचं 'लेजर' सातत्याने लिहीत होतं. त्याची कचेरी दुसऱ्या राज्यात असल्याने फीनिक्स सिटीच्या शेरीफचा तिथे हात पोचत नव्हता, हा मोठा फायदा. पण बातमीने माणूस बदलत नाही, बदलणाऱ्याला फक्त आधार मिळतो.

तिसरा मार्ग गावच्याच निवडणुकीत उभं राहून मतदान केंद्रांवर पहारा ठेवण्याचा. चौथा, गावाला वळसा घालून थेट राज्याच्या महाधिवक्त्याचं पद जिंकण्याचा. हा राज्याचा सर्वोच्च कायदा अधिकारी, तोही निवडून येणारा. तिथे आपला माणूस बसला की स्थानिक सरकारी वकिलाच्या डोक्यावरून खटले भरता आले असते.

संघटनेने आधी तिसरा मार्ग धरला. तो फसल्यावर चौथा.

पहिला निर्णय : गावातच लढायचं

१९५२ उजाडला आणि जानेवारीतच त्या व्यापाऱ्याचं घर डायनामाइटने उडवण्यात आलं. आत कुटुंब होतं. जीव कसेबसे वाचले. त्याच वर्षी अल्बर्ट पॅटरसन या वकिलाच्या कचेरीला आग लावण्यात आली.

पॅटरसन हे या प्रकरणातलं मध्यवर्ती पात्र. पहिल्या महायुद्धात जखमी झालेले, काठी घेऊन चालणारे, राज्याच्या सिनेटवर एक मुदत काढलेले. आणि १९४६ साली गावातल्या जुगाराच्या सर्वांत मोठ्या सूत्रधारावर खुनाचा खटला झाला, तेव्हा त्याचा बचाव करणाऱ्या वकिलांतले एक. तो सूत्रधार सुटला. चित्रपटातले पॅटरसन बराच काळ कोणाच्याच बाजूला न जाणारे, भांडण टाळणारे वृद्ध गृहस्थ आहेत. खरे पॅटरसन यंत्रणेला आतून ओळखणारे होते, आणि मला हे पात्र त्यामुळे अधिक मोलाचं वाटतं. संघटनेत त्यांच्या जुन्या अशिलावरून कुजबुज झाली असणारच. तरी त्यांना जवळ केलं, हा निर्णय बरोबर होता. यंत्रणा कशी चालते हे जाणणारा माणूस नुसत्या सज्जनांच्या सभेत सापडत नाही.

मे १९५२च्या निवडणुकीत संघटनेची माणसं मतदान केंद्रांवर पहाऱ्याला उभी राहिली. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत त्यांना बेदम मारहाण झाली. व्यापारी, त्याचा मुलगा आणि एक सहकारी जखमी झाले, बातमीला आलेल्या पत्रकारांनाही मार बसला. पोलीस बाजूला उभे होते. चित्रपटाने हा प्रसंग १९५४च्या निवडणुकीच्या आसपास आणून ठेवला आहे आणि तो अंगावर येईल असा रंगवला आहे.

पण या मारहाणीचा दुसरा परिणाम चित्रपट सांगत नाही. ती बातमी राज्यभर गेली. आतापर्यंत "त्या गावाचं असंच आहे" म्हणून सोडून देणाऱ्या लोकांना कळलं की तिथे मतदाराला मारतात आणि पोलीस बघतात. गुंडांनी केंद्र जिंकलं आणि राज्यभर आपल्याविरुद्ध उमेदवार उभा करायला कारण दिलं.

दुसरा निर्णय : राज्याच्या पदासाठी उभं राहायचं

१९५४ साली पॅटरसन महाधिवक्ता पदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी उतरले. त्या काळी अलाबामात ही उमेदवारी मिळाली की नोव्हेंबरची निवडणूक हा उपचार असे, कारण समोर तुल्यबळ पक्षच नव्हता. खरी लढत पक्षांतर्गत निवडणुकीत व्हायची. आणि, पुढच्या घटनेसाठी हे नीट लक्षात ठेवायला हवं, त्या निवडणुकीच्या निकालावर शिक्कामोर्तब करायचं काम पक्षाच्याच समित्यांकडे होतं. प्रत्येक काउंटीची पक्षसमिती आपल्या केंद्रांचे आकडे एकत्र करून प्रमाणित करायची.

मेमधल्या पहिल्या फेरीत पॅटरसन आघाडीवर राहिले, पण निम्म्याहून अधिक मतं कोणालाच नव्हती. १ जूनला दुसरी फेरी झाली. समोर एकच उमेदवार. फीनिक्स सिटीच्या अड्डेवाल्यांनी त्याच्या बाजूने पैसा ओतला. मोजणी संपली तेव्हा राज्यभरातल्या लाखो मतांत पॅटरसन यांची आघाडी हजाराच्याही आत होती.

तक्ता

आता जेफरसन काउंटी. बर्मिंगहॅम शहर याच काउंटीत, आणि मतदारसंख्येने ही राज्यातली सर्वांत मोठी काउंटी. निकालानंतरच्या दिवसांत इथल्या एकत्रित तक्त्यावरचे आकडे बदलण्यात आले. पॅटरसन यांच्या प्रतिस्पर्ध्याची सुमारे सहाशे मतं वाढवली गेली.

मतपेटीला कोणी हात लावला नाही. कोणाला मारलं नाही, कोणाला पैसे देऊन मत द्यायला लावलं नाही. मतदारांनी मतं दिली, केंद्रांवर ती मोजली गेली, केंद्राचे आकडे कागदावर उतरले. ते कागद एकत्र करून काउंटीचा एक मोठा तक्ता तयार होतो, त्या टप्प्यावर काही रकान्यांतले आकडे फिरले. शंभराच्या आकड्याचे दोनशे व्हायला पेनाचा एक फटकारा पुरतो.

हे फीनिक्स सिटीत न करता तिथून दूर बर्मिंगहॅममध्ये का केलं असावं? मला वाटतं, गावातली मतं आधीच पिळून झाली होती आणि त्या गावाकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. मोठ्या काउंटीत सहाशे मतं गर्दीत मिसळून जातात. मोजणीतला घोटाळा कायम मोठ्या बेरजेत लपतो. फुटकळ केंद्रावर दहा मतं वाढली तर तिथला माणूस ओरडतो, काउंटीच्या बेरजेतला आकडा कोणालाच पाठ नसतो.

घोटाळा उघड झाला तो दोन स्वतंत्र नोंदींमुळे. मतदानाच्या रात्री बर्मिंगहॅमच्या वर्तमानपत्राने केंद्राकेंद्रांवरून आकडे गोळा करून आपली वेगळी बेरीज केली होती. बातमी लवकर छापायची, एवढाच त्यामागचा हेतू. एका बातमीदाराच्या लक्षात आलं की आपल्या कागदावरचे आकडे आणि प्रमाणित तक्त्यावरचे आकडे जुळत नाहीत. वर्तमानपत्राची बेरीज नसती, किंवा ती रात्री छापून सकाळी रद्दीत गेली असती, तर पॅटरसन यांची तक्रार म्हणजे हरणाऱ्याच्या भीतीने केलेला आरडाओरडा ठरली असती.

पॅटरसन विजयी ठरले, उमेदवारी त्यांना मिळाली. पण आता जेफरसन काउंटीची ग्रँड ज्यूरी तक्त्याच्या चौकशीला बसली, आणि चौकशीचा रोख पक्षसमितीच्या स्थानिक अध्यक्षाकडे, फीनिक्स सिटीच्या जिल्हा सरकारी वकिलाकडे आणि खुद्द राज्याच्या तत्कालीन महाधिवक्त्याकडे वळला. ज्या खुर्चीसाठी निवडणूक होती, तिच्यावर तेव्हा बसलेला माणूस संशयितांत होता.

अठरावा दिवस

१ जून ते १८ जून. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय याच काळात घ्यायला हवा होता आणि तो कोणीच घेतला नाही.

पॅटरसन सोमवारी, २१ जूनला, ग्रँड ज्यूरीपुढे साक्ष द्यायला जाणार होते. हे गुपित नव्हतं. आपण पदाची शपथ घेऊ याची शक्यता शंभरात एक आहे, असं त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवलं होतं. त्यांच्या सहकाऱ्याचं घर उडवलं गेलं होतं, त्यांची स्वतःची कचेरी जळली होती. एवढं असूनही राज्याने त्यांच्या दारात साधा एक पहारेकरी उभा केला नाही. स्थानिक पोलिसांकडे संरक्षण मागण्यात अर्थच नव्हता.

शुक्रवारी, १८ जूनच्या रात्री नऊच्या सुमाराला पॅटरसन कचेरीतून खाली उतरले. गाडी इमारतीलगतच्या गल्लीत लावलेली होती. काठी टेकत ते गाडीपर्यंत पोचले आणि तिथे अगदी जवळून तीन गोळ्या झाडल्या गेल्या. ते तसेच रस्त्यापर्यंत आले आणि फुटपाथवर कोसळले. गजबजलेल्या भागात, चालत्याबोलत्या रस्त्यावर हे घडलं.

त्याच दिवशी तिकडे बर्मिंगहॅममध्ये तत्कालीन महाधिवक्त्याची ग्रँड ज्यूरीपुढे कित्येक तास चौकशी झाली होती. खुनाच्या सुमाराला आपण त्यांच्याशीच फोनवर बोलत होतो, असा बचाव पुढे जिल्हा सरकारी वकिलाने मांडला.

राज्यपालांचा निर्णय

गव्हर्नर गॉर्डन पर्सन्स यांच्यापुढे आता दोनच वाटा होत्या. तपास नेहमीप्रमाणे स्थानिक शेरीफकडे द्यायचा, की स्थानिक यंत्रणाच बाजूला करायची. त्यांनी काही तासांतच नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यदलाचे, सैनिक गावात पाठवले, जनरल वॉल्टर हॅना यांच्या हाताखाली. तरीही पहिले काही आठवडे कायद्याने पोलीस आणि शेरीफ जागेवरच होते, आणि साक्षीदार तोंड उघडायला तयार नव्हते. ज्यांच्याविरुद्ध बोलायचं तेच कमरेला पिस्तूल लावून समोर फिरत असताना कोण बोलणार?

२२ जुलैला मर्यादित मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, जाहीर झाला. पोलिसांची आणि शेरीफच्या माणसांची शस्त्रं काढून घेतली गेली, कामकाज गार्डने हातात घेतलं. बाहेरून न्यायाधीश आणला, बाहेरून सरकारी वकील आणला, आणि ज्यूरीची यादी नव्याने केली. या तिन्ही गोष्टी एकदम केल्या म्हणूनच पुढचं काम झालं. नुसते सैनिक आणून ज्यूरी जुनीच ठेवली असती तर पकडलेले सगळे आठवड्यात सुटले असते.

निकाल

नव्या ग्रँड ज्यूरीने सातशेहून अधिक आरोपपत्रं ठेवली. जुगाराची यंत्रं फोडली, जाळली. अड्डे बंद पडले आणि पुन्हा त्या रूपात उघडले नाहीत. कोलंबसच्या 'लेजर'ला १९५५ साली सार्वजनिक सेवेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

खुनाच्या प्रकरणात मुख्य उपशेरीफ दोषी ठरला आणि त्याला जन्मठेप झाली. साधारण दहा वर्षांनी तो पॅरोलवर सुटला. जिल्हा सरकारी वकील निर्दोष सुटला. तत्कालीन महाधिवक्ता मानसिक आजाराच्या उपचारासाठी राज्याबाहेरच्या रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांच्यावरचा खुनाचा खटला कधी उभाच राहिला नाही.

वडिलांच्या जागी मुलगा, जॉन पॅटरसन, उमेदवार झाला आणि निवडून आला. जानेवारी १९५५मध्ये त्याने महाधिवक्त्याची सूत्रं घेतली.

चित्रपटाने काय निवडलं

कार्लसन आणि अलाइड आर्टिस्ट्स या छोट्या कंपनीपुढे चांगलाच पेच होता. खटले चालू आहेत, आरोपींची नावं घेता येत नाहीत, आणि गोष्ट तर ताजी असतानाच सांगायची आहे. त्यांनी गावात जाऊन, त्याच रस्त्यांवर चित्रण केलं. सुरुवातीला सुमारे तेरा मिनिटांचं वार्तांकन जोडलं, ज्यात क्लीट रॉबर्ट्स हा बातमीदार गावातल्या खऱ्या माणसांच्या मुलाखती घेतो. पॅटरसन यांची पत्नीही त्यात आहे. काही प्रतींमधून हा भाग कापला गेला आहे. तो असलेलीच प्रत पाहावी, असं मी आग्रहाने सांगेन. अडखळत, कॅमेऱ्याकडे न बघता बोलणारी ती माणसं पाहिली की पुढची मारामारी करमणूक म्हणून बघवत नाही.

पॅटरसन पितापुत्रांची नावं खरी ठेवली. जॉन मॅकइंटायर वडील, रिचर्ड कायली मुलगा. खलनायक मात्र ऱ्हेट टॅनर नावाचा काल्पनिक क्लबमालक केला. एडवर्ड अँड्र्यूजने तो इतक्या गोड बोलण्याने उभा केला आहे की त्याचा शेजार कोणालाही चालेल. कायदेशीर दृष्टीने हा शहाणपणाचा निर्णय होता. कथेच्या दृष्टीने त्याची किंमत मोठी पडली. खलनायक क्लबमालक झाल्यावर भ्रष्टाचार ही गुंडांची गोष्ट झाली. राज्याचे कायदा अधिकारी, पक्षसमितीचा अध्यक्ष आणि आकड्यांचा तक्ता हे सगळं कथेबाहेर गेलं. प्रेक्षक घरी जातो तो मार खाणारे मतदार मनात घेऊन. सहाशे मतं कशी वाढतात हे त्याला कळतच नाही.

दुसरी निवड अधिक वादाची. चित्रपटात एका कृष्णवर्णीय कामगाराच्या लहान मुलीला मारून तिचं प्रेत पॅटरसन कुटुंबाच्या अंगणात फेकलं जातं. हे खऱ्या घटनेत नाही. पुढे तोच कामगार जॉनला सूडापासून आवरतो. जेम्स एडवर्ड्सचा हा अभिनय चित्रपटातला सर्वांत संयत आहे, आणि १९५५च्या हॉलिवूडमध्ये कृष्णवर्णीय पात्राला अशी नैतिक उंची देणं हे धाडसच होतं. त्याच उन्हाळ्यात मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला. प्रसंग काल्पनिक असला तरी त्यातली दहशत काल्पनिक नव्हती.

पण चित्रपटाचा नायक असलेल्या जॉन पॅटरसन यांनी दुसऱ्याच वर्षी, १९५६ साली, महाधिवक्ता या नात्याने न्यायालयातून आदेश मिळवून एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं अलाबामातलं काम बंद पाडलं. १९५८ साली ते वर्णविभाजनाच्या कट्टर समर्थनावर जॉर्ज वॉलेसना हरवून गव्हर्नर झाले. चित्रपट बनवताना हे कोणाला माहीत असणं शक्य नव्हतं, त्याचा दोष कार्लसनना देता येणार नाही. २०१९ साली हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत घेतला गेला. आज तो दाखवणाऱ्याने मात्र जॉन पॅटरसन यांची पुढची हकिकत सोबत सांगितलीच पाहिजे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी साक्ष. पॅटरसन यांना तक्त्याबद्दल जे माहीत होतं ते त्यांच्या डोक्यात होतं, आणि २१ तारखेपर्यंत डोक्यातच राहणार होतं. घोटाळा लक्षात आला त्या आठवड्यातच त्यांचं शपथेवरचं निवेदन घेऊन ते दोन-तीन ठिकाणी ठेवलं असतं, आणि ते ठेवल्याचं जाहीर केलं असतं, तर त्यांना मारून मिळण्यासारखं फारसं काही उरलं नसतं. साक्षीदाराचं संरक्षण म्हटलं की आपल्याला बंदूकधारी शिपाई आठवतो. साक्ष लवकर नोंदवून घेणं हे त्याहून स्वस्त आणि बऱ्याचदा जास्त परिणामकारक असतं. ते ग्रँड ज्यूरीच्या वकिलांना सुचायला हवं होतं. पॅटरसन स्वतः मुरलेले वकील होते, त्यांनाही ते करता आलं असतं. आपला शेवट काय होणार हे सांगणाऱ्या माणसाने कागद तयार ठेवू नये, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

गव्हर्नरांनी उचललेलं पाऊल योग्य होतं, पण ते मे १९५२मध्येच उचलता आलं असतं. पोलिसांसमोर मतदारांना मारहाण झाली, तिची छापील बातमी होती, जखमी माणसं नावानिशी समोर होती. तेव्हा निदान पुढच्या निवडणुकीपुरती केंद्रांची व्यवस्था बाहेरच्या अधिकाऱ्यांकडे द्यायला मार्शल लॉ लागत नव्हता. दोन वर्षं वाट पाहिली आणि शेवटी एका खुनानंतर जास्त कठोर उपाय करावा लागला. अर्थात, १९५२ साली असं केलं असतं तर गावच्या स्वायत्ततेवर घाला म्हणून ओरड झाली असती आणि गव्हर्नरांना ती भोवली असती, हेही खरं.

मोजणीची रचना हा तिसरा मुद्दा. ज्या पक्षाची निवडणूक, त्याच्याच समितीने बेरीज करून प्रमाणित करायची, आणि त्या बेरजेची केंद्रनिहाय प्रत कोणालाही मिळण्याची सोय नाही, तर आकडा कोणी फिरवला हे शोधायला नशीबच लागतं. प्रत्येक केंद्रावर मोजणी संपताच आकडा दाराबाहेर लावला आणि दोन्ही उमेदवारांच्या माणसांनी त्याची सही केलेली प्रत घेतली, तर काउंटीच्या तक्त्यात खाडाखोड करणाऱ्याला शेकडो कागद एकाच वेळी बदलावे लागतील. या प्रकरणात ते काम एका वर्तमानपत्राने, नकळत, एका रात्रीपुरतं केलं होतं.

आणि मतदार यादी. रसेल बेटरमेंट असोसिएशनने बोगस नावं काढायची मागणी केली. खरी नावं घालायची मागणी केली नाही. काउंटीतले हजारो कृष्णवर्णीय नागरिक या अड्ड्यांच्या दहशतीखाली राहत होते आणि त्यांना मतदानाचा अधिकार मिळाला असता तर ही यंत्रणा गोळी न झाडता हरली असती, असं मला वाटतं. तेव्हाच्या अलाबामात गोऱ्या सुधारणावाद्याने असं बोलणं म्हणजे सगळा पाठिंबा घालवणं होतं, त्यामुळे त्यांनी ते टाळलं हे समजू शकतं. पण मग अड्डे गेले तरी यादी तशीच राहिली. मतदान कर राज्याच्या निवडणुकांतून हटायला १९६६ उजाडलं, आणि केंद्र सरकारचा मतदान हक्क कायदा आला १९६५ साली, सेल्माच्या पुलावर त्याच राज्याच्या पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना लाठ्यांनी झोडपल्यावर.